पाना उचलण्याआधी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुनी गाडी रस्त्यात बंद पडली की पाच मिनिटांत तिच्याभोवती चार माणसं जमतात आणि चौघांकडे चार निदानं तयार असतात. एक म्हणतो, बॅटरी गेली. दुसरा म्हणतो, कार्बोरेटरमध्ये कचरा आला. तिसऱ्याच्या मते कॉइल उडाली. चौथा काही बोलत नाही, तो नुसताच मान हलवत म्हणतो, ‘आता विका ही.’ गंमत म्हणजे चौघांपैकी एकानंही गाडीला काही विचारलेलं नसतं. कुणी चावी फिरवून आवाज ऐकलेला नसतो, कुणी दिवा लावून पाहिलेला नसतो. मला आज या ‘विचारण्या’बद्दलच बोलायचं आहे. घरच्या घरी जुन्या गाडीतला बिघाड कसा शोधावा, एवढाच माझा विषय आहे.

मी कवी माणूस. शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. मी इंजिनबद्दल बोलतोय हे ऐकून काहींना हसू येईल. पण आमच्या मोहल्ल्यात दर तीन घरांआड एक मिस्त्री होता. लहानपणी शाळा सुटली की आम्ही पोरं गॅरेजच्या दारात बसून असायचो. तिथल्या उस्तादांना लिहिता-वाचता बेताचंच यायचं, पण इंजिनाचा ठोका ऐकून ते सांगायचे, की तिसरा सिलिंडर मारत नाही. ओळीत एक मात्रा कमी पडली की कान आपोआप अडखळतो, तसाच तो प्रकार. पुढे घरात जुनी गाडी आली आणि त्या दारात बसून ऐकलेलं उपयोगी पडू लागलं.

जुनी गाडी म्हणजे कोणती? माझ्या डोळ्यांपुढे दोन आहेत. एक प्रीमियर पद्मिनी. फियाट ११०० या इटालियन गाडीचं हे आपलं भारतीय रूप. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सी रस्त्यावरून उतरली. दुसरी मारुती ८००. डिसेंबर १९८३ मध्ये आली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. या दोन्ही गाड्या आजही कोकणात, देशावर, लहान गावांत जपून चालवल्या जातात. पंधरा वर्षांनंतर आरटीओत तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण करायचं, ते पुढे पाच-पाच वर्षांसाठी मिळतं.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? ज्यांच्याकडे दुसरी गाडी आहे त्यांनी तसं म्हणावं. पण कित्येक वाड्यांवर आजही एकच चारचाकी असते आणि ती जुनीच असते. रात्री दोन वाजता कुणाला कळा सुरू होतात, कुणा म्हाताऱ्याला धाप लागते, तेव्हा त्याच गाडीच्या दारावर थाप पडते. त्या वेळी ती सुरू होणं न होणं हा हौसेचा प्रश्न राहत नाही. म्हणून बिघाड दिवसाउजेडी, सवडीनं आणि नेमका शोधायला हवा.

आता मुख्य मुद्दा. बिघाड शोधण्याच्या दोन रीती आहेत. एक अंदाजाची. बॅटरी बदलून पाहा, नाही झालं तर कॉइल बदला, नाही झालं तर प्लग, मग कार्बोरेटर. या रीतीत कधी ना कधी गाडी सुरू होते, पण नेमकं काय बिघडलं होतं ते कुणालाच कळत नाही आणि काढलेले चांगले भाग भंगारात जातात. दुसरी रीत प्रश्नाची. प्रत्येक वेळी असा एकच प्रश्न विचारायचा, की त्याच्या उत्तरानं शक्यता निम्म्या व्हाव्यात. यात वेळ जातो असं वाटतं, प्रत्यक्षात वाचतो.

पहिला प्रश्न अगदी साधा. चावी फिरवल्यावर सेल्फ इंजिन फिरवतो की नाही? फिरवत नसेल तर पेट्रोल, प्लग, कार्बोरेटर यांचा विचारच नको. दोष विजेच्या बाजूला आहे. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरी निर्दोष, तिला हात लावायचा नाही. एका प्रश्नात अर्धी गाडी मोकळी झाली.

समजा सेल्फ फिरत नाही. मग हेडलाइट लावा आणि एकाला दिव्यांकडे पाहायला सांगून चावी फिरवा. दिवे एकदम मंदावले आणि ‘टकटकटक’ असा भराभर आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलचा जोड खराब आहे. दिवे लख्ख राहिले आणि आवाजच आला नाही, तर करंट सेल्फच्या सोलेनॉइडपर्यंत पोहोचतच नाही, चावीचा स्विच किंवा मधली तार पाहा. दिवे लख्ख, पण ‘टक’ असा एकच ठोका, तर सोलेनॉइडचे संपर्क किंवा खुद्द सेल्फ. हे करायला ना पाना लागला ना पैसा.

यापुढे जायचं तर एक वस्तू घरात हवी, मल्टिमीटर. काही शे रुपयांत साधा मिळतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर तो १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. बारा किंवा त्याहून खाली, म्हणजे आधी चार्ज करा, मगच पुढचं बोला. इंजिन चालू असताना तोच आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान हवा. इंजिन चालू आणि आकडा साडेबारावरच अडलेला, तर बॅटरीचा दोष नाही. तिला भरणारा डायनॅमो किंवा आल्टरनेटर, त्याचा पट्टा नाही तर त्याची तार तपासा. नवीन बॅटरी टाकूनही चार दिवसांत ती उतरते, अशी तक्रार करणाऱ्या माणसानं हा आकडा बहुधा पाहिलेलाच नसतो.

आता एक असा दोष सांगतो, जो जुन्या गाड्यांत फार आढळतो आणि फार उशिरा सापडतो. आमच्या परिचयातल्या एका निवृत्त शिक्षकांची पद्मिनी सकाळी सेल्फ मारताना कण्हल्यासारखी करायची. त्यांनी बॅटरी दोनदा नवी घेतली, सेल्फ भरून आणला. कण्हणं तसंच. शेवटी मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या उस्तादांनी बॉनेट उघडलं, सेल्फ मारायला सांगितला आणि चोकच्या केबलवर बोट टेकवून चटकन काढून घेतलं. केबल तापली होती. ते म्हणाले, ‘करंट गया तो सही, मास्तर, वापस किधर से आया?’

या एका प्रश्नात सगळी मेख आहे. घरातल्या दिव्याला दोन तारा असतात, एक नेणारी आणि एक आणणारी. गाडीत बहुतेक ठिकाणी तार एकच असते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. बॅटरीची ऋण बाजू पत्र्याला जोडलेली आणि इंजिन पत्र्याला एका जाड पट्टीनं किंवा वेणीसारख्या तारेनं जोडलेलं. यालाच आपण अर्थिंग म्हणतो. इंजिन रबरावर बसवलेलं असतं, म्हणून ही पट्टी आवश्यक. ती गंजली, तिचा बोल्ट ढिला झाला, की सेल्फचा शेकडा-दीडशे अँपिअरचा करंट परत यायला दुसरी वाट शोधतो. चोकची बारीक केबल, अॅक्सिलरेटरची केबल, जे धातूचं सापडेल ते. मग ती केबल तापते. मास्तरांच्या गाडीची पट्टी काढून, दोन्ही टोकांखालचा गंज आणि रंग पॉलिश पेपरनं घासून पुन्हा घट्ट बसवली. कण्हणं थांबलं. पार्ट एकही बदलला नाही.

हा दोष उशिरा का सापडतो, तेही समजून घेऊ. गंजलेल्या जोडाचा अडथळा किती असेल? समजा एका ओहमचा शंभरावा भाग. साधा मल्टिमीटर एवढा बारीक अडथळा मोजू शकत नाही, तो शून्यच दाखवणार. टेस्ट लॅम्प लावला तर छान पेटणार, कारण छोट्या दिव्याला करंटच थोडा लागतो. पण सेल्फ दीडशे अँपिअर ओढायला लागला, की त्याच एवढ्याशा अडथळ्यात दीड व्होल्ट नाहीसा होतो. बारातला दीड. म्हणून जोडाची परीक्षा काम चालू असतानाच घ्यायची. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. कॉइलची मधली जाड वायर काढून पत्र्याला टेकवून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि कुणाला तरी दोन-तीन सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा पाव व्होल्टच्या आत राहिला तर परतीची वाट साफ. अर्धा, एक, दीड दिसला तर तिथेच गंज आहे. माणसांचंही असंच आहे म्हणा, हलक्या कामात सगळेच जोड पक्के वाटतात.

अर्थिंगच्या बिघाडाच्या आणखी काही खुणा आहेत. डावा इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर लुकलुकतो. हेडलाइट लावले की हॉर्नचा आवाज बसतो. ब्रेक दाबला की दुसराच दिवा मिणमिणतो. लोक वायरिंग बदलायला निघतात. आधी त्या दिव्याच्या बुडाखालचा स्क्रू काढून पत्रा घासा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, दापोली-रत्नागिरीकडे, हे काम दर पावसाळ्यानंतर करावं.

विजेचा आणखी एक प्रकार म्हणजे चोरटी गळती. गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, चार्जिंग मात्र ठीक असतं. अशा वेळी चावी बंद ठेवा, दारं लावा, बॅटरीची ऋण तार काढा आणि खुंटी व तार यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प जोडा. या जुन्या गाड्यांत बंद असताना करंट खाणारं फारसं काही नसतं, त्यामुळे दिवा पेटता कामा नये. पेटला, तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला दिवा विझेल त्या वाटेवर चोर. कधी डिकीतला दिवा झाकण लावल्यावरही चालू असतो, कधी मागाहून बसवलेला टेप, कधी आल्टरनेटरमधला डायोड. एक सांगून ठेवतो, फ्यूज उडाला म्हणून त्या जागी सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळू नका. ज्या दोषानं फ्यूज उडाला तो दोष तारेत तसाच राहतो, आणि मग फ्यूजऐवजी तार जळते.

आता दुसऱ्या बाजूला वळू. सेल्फ दणक्यात फिरतोय, पण इंजिन पकडत नाही. किंवा चालता चालता बंद पडतं. इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल आणि हवेचं योग्य मिश्रण, ते दाबायला पुरेसं कॉम्प्रेशन आणि योग्य क्षणी ठिणगी. कॉम्प्रेशन एका दिवसात जात नाही, ते महिनोन्महिने कमी होतं. तेव्हा काल संध्याकाळी चाललेली गाडी आज सकाळी बंद असेल तर प्रश्न एकच, ठिणगी नाही की पेट्रोल नाही?

याचं उत्तम उदाहरण आमच्याच रस्त्यावर मिळतं. चिपळूणहून कराडकडे जाताना कुंभार्ली घाट लागतो. एप्रिल-मे महिन्यात, दुपारी, चार माणसं आणि सामान घेऊन जुनी गाडी चढायला लागली, की निम्म्या घाटात आचके देऊन बंद पडते. अर्ध्या तासानं आपोआप सुरू होते. ‘गरम झाली की बंद पडते’ एवढंच मालक सांगतो. पण या एका लक्षणाची किमान तीन कारणं असतात.

पहिलं, पेट्रोलची वाफ. जुन्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला असतो, इंजिनाच्या उष्णतेनं पेट्रोलची पंपात किंवा पाइपमध्ये वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवणारे टॅक्सीवाले जुन्या लोकांनी पाहिलेले आहेत, ते याचसाठी. दुसरं, कॉइल किंवा कंडेन्सर. तापल्यावर आतलं वेटोळं किंवा इन्सुलेशन दगा देतं, थंड झाल्यावर पुन्हा काम करतं. तिसरं, पेट्रोलच्या टाकीचं झाकण. त्याचं हवेचं बारीक छिद्र बुजलं, की टाकीतून पेट्रोल जातं पण जागा भरायला हवा येत नाही, आत पोकळी होते आणि पंप हरतो.

तिन्हींचं लक्षण एक आणि इलाज वेगवेगळे. गाडी थंड झाली की तिन्ही पुरावे नाहीसे होतात. म्हणून चौकशी तिथेच, बंद पडल्या क्षणी करायची. गाडी कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा. आधी टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली आणि नंतर गाडी सुरू झाली, तर गुन्हेगार सापडला. नाही, तर चावी बंद ठेवून एअर फिल्टरचं झाकण काढा, चोकची पट्टी उघडी धरा, कार्बोरेटरच्या घशात पाहा आणि हातानं अॅक्सिलरेटरची कडी ओढा. पेट्रोलची बारीक धार उडाली, तर कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल आहे. धार नाही, तर वाफ किंवा पंप. मात्र तोंड वर ठेवून कुणाला सेल्फ मारायला सांगू नका, इंजिन उलटं फुरफुरलं तर ज्वाळा वर येते.

धार आली, तर फिल्टरचं झाकण परत लावून ठिणगी पाहायची. एक जादा प्लग गाडीत ठेवावा. इंजिनाच्या एका प्लगची वायर काढून या जादा प्लगला लावा, प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा, हातात धरू नका, पेट्रोल सांडलेलं नाही ना याची खात्री करा आणि सेल्फ मारायला सांगा. निळी, ठसठशीत, आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट आणि मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर डिस्ट्रिब्युटरकडे चला. पॉइंट असलेल्या गाडीत पॉइंटची फट साधारण ०.४ मिलिमीटर असते. ती फिलर गेजनं मोजायची, डोळ्यांनी नाही. पॉइंट काळे पडून खड्डे पडले असतील तर ते घासून भागणार नाही. कंडेन्सर थकला असेल तर नवे पॉइंटही तसेच जळतील. पावसाळ्यात मात्र आधी डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून आतून कोरड्या फडक्यानं पुसा. आमच्याकडे जुलैत सकाळी सुरू न होणाऱ्या कितीतरी गाड्या एवढ्यानं सुरू होतात. टोपीच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली तर ती भेग आहे, ठिणगी तिथून पळते. ती पुसून जात नाही, टोपी बदलावीच लागते.

पेट्रोलबद्दल एक नवी गोष्ट जुन्या गाडीवाल्यांनी लक्षात घ्यायला हवी. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरलं. आपल्या जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केटं या पेट्रोलसाठी बनलेली नव्हती. काही जुनं रबर इथेनॉलनं फुगतं, मऊ पडतं, नंतर चिरतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाशी बसू शकतं. तेव्हा पेट्रोलचे पाइप दर सहा महिन्यांनी वाकवून पाहा, बारीक चिरा दिसल्या तर नव्या पेट्रोलला चालणारे पाइप मागून घ्या. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर तो दोष उद्यावर टाकण्यासारखा नाही. तापलेलं इंजिन आणि गळतं पेट्रोल यांच्यात फक्त एका ठिणगीचं अंतर असतं.

इंजिनाच्या धुराचीही भाषा असते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, चोक अडकलाय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंड सकाळी थोडा वेळ पांढरी वाफ निघणं साहजिक आहे. पण इंजिन तापल्यावरही ती थांबत नाही, रेडिएटरमधलं पाणी कमी होतं आणि ऑइलची दांडी काढल्यावर ऑइल दुधाळ दिसतं, तर पाणी नको तिथे जातंय, बहुधा हेड गॅस्केट. तिथे घरचा वैद्य संपला, गाडी ओढून गॅरेजला न्या.

पुराचंही सांगायला हवं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा घराघरांपुढच्या गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर पहिली इच्छा होते चावी फिरवून पाहायची. ती इच्छा आवरा. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि जे इंजिन साफसफाईवर निभावलं असतं ते खोलावं लागतं. आधी बॅटरी सोडवा, प्लग काढा, ऑइल बदला, मग पुढचं.

घरी काय करू नये, याची यादी छोटी आहे, पण ती मोडू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, भक्कम लोखंडी स्टँड हवेत. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. बॅटरी सोडवताना आधी ऋण तार, जोडताना ती शेवटी, म्हणजे पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळ विडी-काडी नको, तिच्यातून हायड्रोजन निघतो. आणि ब्रेक. ब्रेकचं पेडल खाली जात असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल, ब्रेक ऑइल कमी होत असेल, तर ते ओळखणं तुमचं काम, दुरुस्त करणं जाणकाराचं. इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते. ब्रेक बंद पडला तर गाडी थांबत नाही.

यावर काही जण विचारतील, सगळं घरीच केलं तर मिस्त्रीनं खायचं काय? माझा अनुभव उलट आहे. ‘साहेब, काहीतरी होतंय, बघा’ असं म्हणून गाडी सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा, ‘चढावर, तापल्यावर बंद पडते, धार येते, ठिणगी येत नाही’ असं सांगणारं गिऱ्हाईक जुन्या उस्तादांना आवडतं. त्यांचा वेळ वाचतो आणि त्यांच्या विद्येला दाद देणारा कुणी भेटतो. ही विद्या आता म्हातारी होत चाललीय. नव्या गाडीला संगणक जोडला की ती स्वतःच दोषाचा आकडा सांगते, म्हणून नवी पोरं ते शिकली, आणि त्यात गैर काही नाही. पण पॉइंटची फट आणि कार्बोरेटरचा जेट जाणणारे हात कमी झालेत. त्यांच्याजवळ बसून विचारून घ्यायला हवं, ते आत्ताच.

एका ठिकाणी मात्र माया आवरावी लागते. पद्मिनी काय आणि मारुती ८०० काय, दोन्हींना खालचा वेगळा सांगाडा नाही. पत्रा हाच सांगाडा आहे. जो पत्रा करंटची परतीची वाट आहे, तोच चाकं, ब्रेक आणि माणसं तोलून धरतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं खालचा पत्रा ठोकत जा. ‘टण’ वाजला तर जिवंत आहे, ‘थप’ वाजला आणि पापुद्रे गळले तर गंज आत पोहोचलाय. सस्पेन्शन जिथे बसतं तिथला पत्रा असा गेला असेल आणि जाणकार वेल्डरनं नाही म्हटलं, तर इंजिन कितीही सुरेल चालत असो, त्या गाडीत माणसं बसवू नयेत. तिला अधिकृत भंगार केंद्रात द्यावं आणि नोंदणी रद्द करून घ्यावी.

शेवटची सूचना सर्वात स्वस्त आहे. गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, लक्षण, काय तपासलं, काय आढळलं, काय केलं, सहा रकाने. एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहा. दोन बदल एकदम केले तर कशानं गुण आला ते कधीच कळत नाही. वर्षभरात ही वही तुमच्या गाडीचा स्वभाव सांगू लागते, दर मार्चमध्ये काय होतं, पहिल्या पावसात काय होतं. उद्या ती गाडी मुलाच्या, भाच्याच्या किंवा परक्या कुणाच्या हातात गेली आणि रात्री दोन वाजता दारावर थाप पडली, तर त्याला भोवती जमलेल्या चार निदानांची गरज पडणार नाही. वहीत पाहून तो पहिला प्रश्न बरोबर विचारील.